झोपेतली जाग, जागेपणातली झोप

१

मराठीत झोप 'लागणे' वेगळे आणि झोप 'होणे' वेगळे. 'रात्री झोप लागली, पण झोप झाली नाही' असे म्हणणाऱ्या माणसाला त्याच्या विधानातली विसंगती दाखवायला कोणी जात नाही. त्याला काय म्हणायचे आहे ते ऐकणाऱ्याला नेमके कळते. वैद्यकशास्त्राला मात्र हे म्हणणे कळायला फार काळ लागला. मधुमेहामुळे ज्याच्या तळपायांची रात्री आग होते, नागीण बरी होऊन गेली तरी ज्याच्या बरगडीतला ठणका गेलेला नाही, अपघातात ज्याच्या हाताची नस दुखावली आहे, अशी माणसे हे वाक्य वर्षानुवर्षे उच्चारत आली आहेत. या वाक्यात शारीरिक तथ्य किती आणि कंटाळलेल्या मनाची तक्रार किती, याचा निर्णय ऐकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिला.

प्रस्तुत लेखाचा विषय मज्जातंतूंची चिवट वेदना आणि झोपेत व जागेपणी मेंदूत चालणारे व्यवहार यांच्यातील संबंधाचा इतिहास हा आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो वाङ्मयाच्या अभ्यासकांना परका वाटू नये. कारण हा इतिहास मुळात साक्षीचा इतिहास आहे. वेदना दुसऱ्याला दिसत नाही. ती सांगावी लागते. सांगणाऱ्याचे शब्द प्रमाण मानायचे की यंत्राची रेघ, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे या क्षेत्रात वारंवार उपस्थित झाला आहे. या दीडशे वर्षांत शब्द बहुतेक वेळा आधी आला आणि रेघ नंतर, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पायात काटा रुतला की जी वेदना होते ती एक बातमी असते. कातडीत काही घडले आणि मज्जातंतूंनी ते मेंदूला कळवले, एवढाच तिचा अर्थ. मज्जातंतुजन्य वेदनेत बातमी वाहून नेणारी तारच दुखावलेली असते. मग टोकाला काही घडलेले नसताना बातम्या येत राहतात. काटा नाही, निखारा नाही, तरी टोचते आणि भाजते. कधी ज्या जागी स्पर्श कळत नाही त्याच जागी आग होते. बधिरपणा आणि दाह एकाच ठिकाणी नांदावेत हे तर्काला न पटणारे असल्यामुळेच या रुग्णांवर अविश्वास दाखवणे फार सोपे गेले.

२

वेदनेविषयीच्या पाश्चात्त्य कल्पनेवर देकार्तच्या एका चित्राचा प्रभाव दीर्घकाळ होता. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या मनुष्यदेहविषयक ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेलेला एक माणूस दाखवला आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे. दोरी ओढावी आणि वर घंटा वाजावी तसा हा प्रकार. या कल्पनेत दोरी न ओढता घंटा वाजण्याची सोय नाही. घंटा वाजते असे कोणी म्हणत असेल आणि खाली दोरी ओढणारा कोणी सापडत नसेल, तर म्हणणारा एकतर भ्रमिष्ट किंवा लबाड ठरतो.

अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) असे शेकडो 'म्हणणारे' एका छताखाली आणले. गोळ्यांनी हातापायांतले मज्जातंतू फाटलेले, पण जीव वाचलेले सैनिक फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात जमा झाले. हे रुग्णालय मज्जातंतूंच्या जखमांसाठीच राखून ठेवलेले होते. तेथे सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या तीन डॉक्टरांनी बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १८६४ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांनी होणाऱ्या मज्जातंतूंच्या इजांवर एक छोटे पुस्तक काढले. जखम भरून आल्यावरही हातात किंवा पायात पेटलेली राहणारी आग त्यांनी त्यात वर्णिली. या आगीला मिचेलने १८६७ मध्ये 'कॉझाल्जिया' हे नाव दिले; ग्रीकमधील दाह आणि वेदना या दोन शब्दांचा तो जोड आहे. हे सैनिक दुखरा हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत, पाण्याची बाटली जवळ बाळगत. कोरडा स्पर्श त्यांना असह्य होई.

या पुस्तकातील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. या रुग्णांचा स्वभाव चिडका होतो, चेहऱ्यावर थकवा उतरतो, झोप अस्वस्थ होते, असे सांगून लेखक एक पाऊल पुढे जातात. ही बिघडलेली एकूण अवस्था उलट फिरून जखमी अवयवावर परिणाम करते आणि त्याची संवेदनशीलता आणखी वाढवते, असे त्यांचे म्हणणे आहे. मग वर्तमानपत्राची सळसळ, वाऱ्याची झुळूक, खोलीतून चालणाऱ्या दुसऱ्याच्या पावलांचा धक्का, लष्करी बँडचा आवाज यांनीदेखील आग भडकते. वेदनेने झोप जाते आणि झोप गेल्याने वेदना वाढते, हे दुष्टचक्र येथे १८६४ सालीच शब्दांत मांडलेले आहे. मेंदूच्या लहरी मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते. डॉक्टरांजवळ होते ते खाटेशेजारी बसून ऐकलेले शब्द आणि पाहिलेले चेहरे.

या ऐकण्याला दुसरी बाजूही होती. त्याच तिघांनी त्याच वर्षी मज्जातंतूंच्या विकारांचे सोंग करणाऱ्या सैनिकांविषयी एक निबंध लिहिला. युद्धातून सुटका मिळावी म्हणून आजाराचा बहाणा करणारे कसे ओळखावेत, त्यासाठी ईथरची गुंगी देऊन काय पाहावे, याची चर्चा त्यात आहे. एकाच रुग्णालयात, एकाच वेळी, त्याच डॉक्टरांकडून शब्दांवर विश्वासही ठेवला जात होता आणि संशयही घेतला जात होता. वेदनेच्या इतिहासातील हा ताण पुढे कधीच पूर्ण संपला नाही.

मिचेल स्वतः लेखक होता, हा योगायोग वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. १८६६ मध्ये 'अटलांटिक मंथली'त त्याची 'द केस ऑफ जॉर्ज डेडलो' ही कथा निनावी छापली गेली. चारही अवयव गमावलेल्या एका काल्पनिक लष्करी डॉक्टरचे ते निवेदन आहे. नसलेल्या अवयवांत होणाऱ्या वेदनांचे वर्णन इतके पटण्यासारखे होते की काही वाचकांनी त्याला खरा माणूस समजून मदत पाठवली. नाहीशा झालेल्या अवयवातल्या वेदनेने येथे कथेचे रूप घेतले.

हाच मिचेल पुढे स्त्रियांच्या 'मज्जादौर्बल्या'वरील विश्रांती-उपचारासाठी प्रसिद्ध झाला. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन त्याच्याकडे उपचारांसाठी गेली. तिच्या सांगण्यानुसार, तिला बौद्धिक काम जवळजवळ बंद करण्याचा आणि लेखणी पुन्हा हाती न धरण्याचा सल्ला मिळाला. १८९२ मधील 'द यलो वॉलपेपर' ही तिची कथा या उपचाराला दिलेले उत्तर आहे. गिलमनचा आजार वेगळा होता. तिच्या मज्जातंतूला गोळी लागलेली नव्हती. परंतु साक्षीच्या दृष्टीने ही तुलना टाळता येत नाही. जखमी सैनिकाचे शब्द ज्याने अक्षरशः टिपून घेतले, त्यानेच एका स्त्रीला शब्द लिहू नकोस असे सांगितले. कोणाचे सांगणे पुरावा ठरते आणि कोणाचे सांगणे लक्षण ठरते, हे केवळ शास्त्राने ठरत नाही.

३

फ्रेंच कादंबरीकार आल्फोन्स दोदे याच्या टिपणवहीचे स्थान या इतिहासात अनन्यसाधारण आहे. उपदंशाने मज्जारज्जूचा मागचा भाग झिजवणारा टेबिस डॉर्सालिस हा विकार त्याला जडला होता. या विकारात मज्जातंतूंच्या मुळांतून विजेसारख्या सणका निघतात. शार्कोसारख्या विख्यात मज्जातज्ज्ञाने त्याचा आजार बरा न होणारा असल्याचे सांगितले होते. दोदेने स्वतःच्या वेदनांची टिपणे ठेवली आणि त्यांना 'ला दूलू' असे नाव योजले. प्रोव्हान्सच्या बोलीत याचा अर्थ 'वेदना'. १८९७ मध्ये तो वारला आणि टिपणे पुस्तकरूपाने यायला १९३० साल उजाडले. २००२ मध्ये ज्यूलियन बार्न्स या इंग्लिश कादंबरीकाराने त्यांचा इंग्लिश अनुवाद केल्यावर ती पुन्हा चर्चेत आली.

ही वही तुटक आहे. सलग कथन तिच्यात नाही. असते तरच आश्चर्य. रात्री मॉर्फिन, क्लोरल, अर्धवट गुंगी, पुन्हा सणक, पुन्हा लेखणी, असा तिचा क्रम. दोदेची एक खंत अशी की शब्द येतात ते सगळे ओसरल्यावर. वेदनेच्या ऐन क्षणी ते कामाचे नसतात. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ मधील आजारपणावरील निबंधात अशीच तक्रार वेगळ्या अंगाने केली: हॅम्लेटचे विचार पेलणाऱ्या इंग्लिशला साध्या डोकेदुखीसाठी शब्द सापडत नाहीत. या दोन तक्रारी सारख्या दिसल्या तरी एक नाहीत. वुल्फला भाषेचा शब्दसंग्रह तोकडा वाटतो. दोदेला शब्दांची वेळ चुकते असे वाटते. दोदेचे म्हणणे अधिक खोल आहे, कारण त्यातून वेदना आणि जाणीव यांच्या कालक्रमाचा प्रश्न निघतो. वेदनेत बुडालेला माणूस पुरता जागा असतो का? आणि गुंगीत पडलेला माणूस पुरता झोपलेला असतो का? दोदेच्या वहीत या दोन अवस्थांमधली भिंत जागोजागी ढासळलेली दिसते. ही ढासळण शब्दांपलीकडे कोठे नोंदता येईल अशी शक्यता त्याच्या हयातीत नव्हती.

४

ती शक्यता जर्मनीतील येना येथे निर्माण झाली. हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत् चढउतारांची पहिली नोंद केली आणि पाच वर्षे खातरजमा करून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूतून सेकंदाला सुमारे दहा आवर्तनांची लय उमटते आणि डोळे उघडताच ती मोडते, असे त्याला आढळले. या लयीला त्याने 'अल्फा' म्हटले. आरंभी या शोधाकडे संशयानेच पाहिले गेले. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दुजोरा दिल्यावर त्याला मान्यता मिळाली.

आता झोपलेला माणूस प्रथमच 'वाचता' येऊ लागला. १९३५ ते १९३७ या काळात आल्फ्रेड लूमिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झोपेचे टप्पे पाडले. १९५३ मध्ये शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप शोधली. तिला आज आपण 'रेम' झोप म्हणतो. यातून एक लिपी सिद्ध झाली. गाढ झोपेत मोठ्या, संथ डेल्टा लहरी, सेकंदाला चारपेक्षा कमी; पेंगताना चार ते आठ आवर्तनांच्या थीटा लहरी; स्वस्थ जागेपणी अल्फा; सावध मेंदूत याहून जलद, बारीक लहरी. जागेपण, संथ झोप आणि रेम झोप अशी तीन स्वतंत्र संस्थाने आणि त्यांच्यातील स्पष्ट सीमा, असा नकाशा तयार झाला.

मज्जातंतूंच्या वेदनेने या सीमा कशा पुसट केल्या, हा पुढच्या सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

दरम्यान वेदनेची कल्पनाही बदलत होती. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी देकार्तच्या दोरीला छेद देणारा सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत एक दार आहे. कोणत्या संवेदना आत सोडायच्या हे तिथे ठरते आणि वरून मेंदूही त्या दारावर अंमल गाजवतो, असा त्याचा आशय. तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण मेंदू हा वेदनेचा निव्वळ श्रोता नाही हा मुद्दा टिकला. या मेलझॅकने तरुणपणी ओरेगनमधील एका वृद्ध रुग्णबाईचे ऐकले होते. मधुमेहामुळे तिचे पाय काढावे लागले होते आणि नसलेल्या पायांतल्या वेदनांचे ती तऱ्हेतऱ्हेच्या विशेषणांनी वर्णन करी. त्याने ती विशेषणे जमवायला सुरुवात केली. त्यातून १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली तयार झाली: ७८ शब्द, २० गट. भाजणारी, भोसकणारी, धडधडणारी, थकवणारी, छळणारी अशी निरनिराळी विशेषणे रुग्णापुढे ठेवून लागू असतील ती निवडायला सांगायचे. एका अर्थाने वैद्यकाने येथे कोशकाराचे काम पत्करले.

त्याच १९७५ साली टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी अंगभर दुखणाऱ्या रुग्णांच्या रात्री तपासल्या. त्यांच्या गाढ झोपेच्या संथ लहरींवर जागेपणाची अल्फा लय स्वार झालेली दिसली. शिवाय निरोगी तरुणांची गाढ झोप आवाज करून मोडली, तर त्यांचेही अंग तशाच तऱ्हेने दुखू लागले. हा आजार आज फायब्रोमायाल्जिया म्हणून ओळखला जातो. मज्जातंतूच्या थेट इजेने होणाऱ्या वेदनेहून त्याचा वर्ग वेगळा मानला जातो आणि ही मिश्र लय फक्त त्याच्यातच आढळते असेही नाही. तरीही झोपेच्या आत जागेपण असू शकते, हे येथे कागदावर उमटले.

५

उलट दिशेने पाहिल्यास, जागेपणाच्या आत झोप असू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर थॅलॅमसपाशी सापडते. थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागी असलेला, कबुतराच्या अंड्यासारखा भाग. वासाखेरीज बहुतेक सर्व संवेदना मेंदूच्या बाह्यपटलाकडे जाताना या देवडीतून जातात. १९०६ मध्ये देजरीन आणि रूसी या फ्रेंच वैद्यांनी दाखवले होते की या भागात रक्तस्रावाने किंवा गुठळीने इजा झाली तर शरीराच्या एका बाजूला असह्य वेदना सुरू होऊ शकते. देवडीच बिघडली तर बाहेर कोणी नसताना आत हाक ऐकू येते.

१९८४ मध्ये यान्सन आणि रोडोल्फो यिनास यांनी गिनीपिगच्या मेंदूवरील प्रयोगांतून थॅलॅमसच्या पेशींच्या दोन चाली दाखवल्या. पेशीचा विद्युत् दाब चढा असेल तर ती एकेक करून संदेश पुढे धाडते. दाब उतरलेला असेल तर विशिष्ट कॅल्शियम-द्वारे सज्ज होतात आणि संदेश झुबक्या-झुबक्यांनी बाहेर पडतात. पहिली चाल जागेपणाची. दुसरी प्रामुख्याने संथ झोपेची. तिच्यात बाहेरची बातमी नीट आत जात नाही, देवडी आपल्याच लयीत झुलत राहते. मज्जातंतू तुटला की थॅलॅमसकडे येणारा ओघ आटतो. ओघ आटला की पेशीचा दाब उतरतो. दाब उतरला की झोपेची चाल सुरू होते, आणि ती माणूस टक्क जागा असतानाही सुरू राहते. झुरिचमधील दानिएल जानमोनो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या थॅलॅमसमध्ये असे झुबके नोंदवल्याचे प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये यिनासच्या गटाने अशा रुग्णांच्या जाग्या मेंदूत थीटा लय अवाजवी वाढल्याचे दाखवले आणि या अवस्थेला थॅलॅमस व बाह्यपटल यांच्यातील लयबिघाड म्हटले. २००६ मध्ये सार्न्थाइन आणि सहकाऱ्यांनी ईईजीवर तोच कल दाखवला: मज्जातंतुजन्य वेदनेच्या रुग्णांच्या लहरी निरोगी माणसांच्या तुलनेत मंद झालेल्या होत्या, आणि थॅलॅमसवरील शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत त्या पूर्वपदाकडे सरकल्या.

म्हणजे आग होणारा पाय ज्या मेंदूत जाणवतो त्या मेंदूचा एक कोपरा, एका विशिष्ट अर्थाने, पेंगत असतो. जाणिवेचा एक भाग झोपेच्या चालीत अडकतो आणि त्याच्या कडेला बाह्यपटलाचा दुसरा भाग अतिरेकाने पेटतो, असा यिनासच्या मांडणीचा रोख आहे. जुनाट वेदनेचे रुग्ण 'डोके जड आहे', 'लक्ष लागत नाही', 'सगळे धूसर वाटते' असे सांगत असतात. हे केवळ गोळ्यांच्या गुंगीवर किंवा खचलेल्या मनावर ढकलून भागणार नाही.

६

रात्रीच्या बाजूचा पुरावा त्यानंतर आला आणि तो अधिक विस्मयकारक आहे. २००० मध्ये इझाबेल दकोस्तेर आणि क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगांसाठी एक नमुना रूढ केला. उंदराच्या मागच्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूच्या तीन शाखांपैकी दोन तोडायच्या आणि एक शाबूत ठेवायची. प्राण्याचा पंजा अनेक आठवडे हळवा राहतो. हलका स्पर्शही त्याला सोसत नाही. अशा प्राण्यांची झोप बिघडते का, याविषयी आधीच्या संशोधनाची उत्तरे एकसारखी नव्हती. मज्जातंतूची इजा वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या प्रयोगांपैकी काहींत संथ झोप घटलेली दिसे, तर काहींत झोपेचा हिशेब जवळजवळ बिनचूक लागे. किती तास झोपला, किती वेळा उठला, कोणत्या टप्प्यात किती राहिला, सारे ठीक. मग तक्रार कशाची?

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आनिता ल्यूती यांच्या प्रयोगशाळेत रोमँ कार्दिस आणि सहकाऱ्यांनी याच नमुन्यावर काम करून २०२१ मध्ये या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांच्या उंदरांचाही झोपेचा एकूण हिशेब शाबूत होता. परंतु दुखऱ्या पंजाची संवेदना जेथे पोहोचते त्या बाह्यपटलाच्या नेमक्या भागात, संथ झोपेच्या काळात, जागेपणाच्या जलद लहरी उमटत होत्या. त्या भागातल्या डेल्टा लहरी चालूच होत्या. झोप मोडलेली नव्हती. तरीही तेवढाच तुकडा क्षणभर जागा होई आणि त्याच क्षणी हृदयाचे ठोके वाढत. असे क्षण इजा झालेल्या उंदरांत अधिक वारंवार येत. हलक्या कंपनाने हे उंदीर इतरांपेक्षा सहज जागेही होत. लष्करी बँडच्या आवाजाने आणि शेजारच्या पावलांनी दचकणाऱ्या टर्नर्स लेनमधील सैनिकांची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे.

हा प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसाविषयी त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण एक गोष्ट निश्चित झाली. झोपेचा रूढ हिशेब बिनचूक असतानाही झोपेच्या आत जाग लपलेली असू शकते, आणि ती दुखऱ्या अवयवाच्या जागीच लपलेली असू शकते. 'झोप लागली, पण झाली नाही' या वाक्याला शरीरात जागा आहे.

मिचेलच्या दुष्टचक्राची दुसरी कडी, म्हणजे झोप गेल्याने वेदना वाढते हे, २०१७ मध्ये बॉस्टनमधील अलेक्सांद्र आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले. सतत नवनवी खेळणी देऊन जागवलेले उंदीर वेदनेला अधिक हळवे झाले. या हळवेपणावर आयबुप्रोफेन आणि मॉर्फिनचा उपयोग झाला नाही. जाग राखणाऱ्या कॅफीन आणि मोडाफिनिल या द्रव्यांनी मात्र तो कमी झाला. २०१९ मध्ये क्राउझ, वॉकर आणि सहकाऱ्यांनी माणसांत पाहिले की एका रात्रीच्या जागरणानंतर वेदनेची बातमी घेणारे बाह्यपटल अधिक जोरात प्रतिसाद देते आणि तिचे मोल ठरवणारे भाग मंदावतात. दीडशे वर्षांपूर्वी खाटेशेजारी लिहिलेले एक वाक्य अशा रीतीने दोन्ही अंगांनी खरे ठरत गेले.

७

यावरून यंत्राने अखेर शब्दाची जागा घेतली असे मानण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. २०१९ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रकारच्या जुनाट वेदनेच्या १०१ रुग्णांचे ईईजी निरोगी माणसांच्या ईईजीशी ताडून पाहिले. मेंदूच्या भागांमधील जोडणीत काही फरक आढळले. लहरींच्या ताकदीत मात्र ठळक फरक दिसला नाही. केवळ या जोडण्यांवरून कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे संगणकाला ५७ टक्के अचूकतेने सांगता आले. नाणे उडवले तर ५० टक्के येतात. गटांची सरासरी आणि एका माणसाची वेदना यांत हे अंतर आहे, आणि न्यायालयात, विमा-दाव्यात किंवा बाह्यरुग्ण विभागात समोर उभा असतो तो एक माणूसच.

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने वेदनेची १९७९ मधील व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांत दोन गोष्टी आवर्जून घातल्या. व्यक्तीने केलेल्या वेदनेच्या कथनाचा आदर राखावा. आणि शब्दांत सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे समजू नये. जे मिचेलने सैनिकांना दिले आणि गिलमनला नाकारले, ते निदान कागदावर तरी आता नियमाच्या रूपात आले आहे.

आपल्या भाषेत 'वेदना' हा शब्दच 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. मुळात तो संवेदनेचा, जाणिवेचा शब्द. मराठी बोलणाऱ्यापाशी तर विशेषणांची चणचण नाही: कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, रग, टोचणी, चुरचुर, आग, मुंग्या. यांतील प्रत्येक शब्द वेदनेची वेगळी चाल सांगतो. सणक क्षणाची, ठणका लयीचा, रग साचलेली, आग पसरणारी. मज्जातंतूंच्या विकारात आग, सणक, मुंग्या आणि बधिरपणा यांचा मेळ निदानाला खरोखर दिशा देतो; म्हणूनच मॅकगिलसारख्या प्रश्नावल्यांनी असे शब्द वेचले. असे असताना रुग्णाला शून्य ते दहा यांतला एक आकडा सांगायला लावून थांबणे म्हणजे हातची साक्ष वाया घालवणे होय. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपण सहसा इतरांच्या बेपर्वाईविषयी वापरतो. तिचा अक्षरशः अर्थ घेतला तर कळण्याचा पहिला अधिकार जळणाऱ्याचा ठरतो. त्याचे शब्द नीट ऐकून, तोडमोड न करता उतरवून घेणे हे डॉक्टरइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे. लोझानच्या प्रयोगशाळेला झोपेतल्या जागेचा शोध लागण्यापूर्वी ती जाग कितीतरी माणसांनी सकाळी उठून, घरच्यांच्या कंटाळलेल्या कानांवर, साध्या शब्दांत घातली होती.